राखेचं वजन

पोग्रादेतच्या वरच्या अंगाला,
जिथून सरोवर सांडलेल्या निळीसारखं दिसतं,
तिथं फेतियेचं रान आहे. रान कसलं,
सापाच्या कातीसारख्या तुकतुकीत
हिरवट काळ्या दगडाचा चुरा.
कॅल्शियम नावापुरतं,
मॅग्नेशियम नको तितकं,
आणि निकेल एवढं, की गहू पेरलाच
तर वीतभर होऊन पिवळा पडतो,
खाली मान घालून उभा राहतो.

सासू म्हणायची, ही जमीन कुणाशी बोलत नाही.

एका झुडपाशी बोलायची.
गुडघ्याएवढं, जूनमध्ये पिवळंजर्द,
शेळ्यांनी हुंगून सोडून दिलेलं.
चाळीस वर्षं फेतियेनं ते उपटून
बांधापलीकडे फेकलं.

मग तिरानाहून दोनिका आली,
बुटांना चिखल लागू नये म्हणून जपून चालणारी.
तिनं एक पान चुरगळलं,
पांढऱ्या कागदावर दाबलं,
कागद गुलाबी झाला.
"तेझे, हे निकेल."

फेतियेनं कागद उन्हात धरला.
याच धातूच्या मागे रेसमी
तीस वर्षं जमिनीखाली उतरत होता,
आणि हे बसल्या जागी, मुळांनी.
खाण बंद पडली तरी त्याचा खोकला चालू राहिला.
मग तोही बंद पडला.
घरात कुणी कधी गुलाबी काही पाहिलं नव्हतं.

दोनिका सांगत होती:
मुळं जरा आंबट पाझरतात,
मातीची मूठ सैल होते,
धातू वर चढतो,
आणि पान त्याला कडेच्या पेशींत नेऊन ठेवतं,
हिरवं काम चालतं तिथून लांब.
विळा आपण उंच फळीवर ठेवतो ना, तसं,
फेतिये म्हणाली.
हो, तसंच.
आणि पान गळलं की?
की सगळं परत. पण वर, मातीच्या कातडीवर,
दुसऱ्याचं बी पडेल नेमकं तिथं.
म्हणजे शेजारी नको म्हणून
हे आपल्याच उंबऱ्यावर विष शिंपतं?
दोनिका थांबली.
"तसं म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही."

त्या रात्री फेतियेला झोप लागली नाही.
आधी जमीन वाईट होती म्हणून हे झाड आलं,
का हे झाड होतं म्हणून जमीन वाईट राहिली?
लग्नाबद्दलही तिला असंच काहीतरी विचारायचं होतं,
पण विचारायला आता पलीकडे कुणी नव्हतं.

पुढं फेतियेनं तेच पेरलं.
फुलोऱ्यात कापायचं, उन्हात पसरायचं,
पिंपात जाळायचं, राख पोत्यात भरायची.
काट्यावर पोतं चढलं की ती बघायची नाही.
बारीहून ल्युल्झिमचा फोन यायचा:
आई, गवताचे पैसे देतात तुला?
राखेचे, ती म्हणायची. गवत फुकटच जातं.

नवव्या वर्षी खालच्या पट्ट्यात
कागद फिकट उमटला.
पडायला पानंच उरू दिली नव्हती,
दरसाल जमिनीचा घास ट्रकमधून गेला होता.
आणि कोपऱ्यात, कुणी न पेरलेली,
तीन पानांची मेथीघासासारखी एक पोर.
शेळीनं ती हुंगली, आणि खाल्ली.

"जमीन बरी होतेय," दोनिका फोनवर ओरडली.
फेतिये हो म्हणाली.
बांधाकडे पिवळं विरळ झालं होतं,
तिकडे बघत हो म्हणाली.

आगपेटीत दोन कागद उरले होते.
दारामागे रेसमीचं जाकीट अजून खिळ्यावर,
कॉलर कडक झालेली.
तिनं त्यावर सिरका शिंपला, वाट पाहिली,
कागद दाबला.
आला. फार नाही,
नुकत्या धुतलेल्या तळहाताइतका.

जाकीट तिनं धुतलं नाही.
गोठ्यामागची एक ओळ त्या वर्षी कापली नाही.
पानं पडली तिथंच पडू दिली.